तराजू आणि वेदी

ज्युबिली ह्या शब्दाने आज आपल्या मनासमोर पताका, रोषणाई, महागुरुस्वामींचे आगमन, गायनवृंद आणि दुपारचे सहभोजन एवढेच उभे राहते. ह्यांत वावगे काही नाही. आनंदाच्या दिवशी आनंद करावयाचाच. परंतु मूळ इब्री शब्द ‘योबेल’ हा मेंढ्याच्या शिंगाचा वाचक आहे, आणि ते शिंग कशासाठी फुंकावयाचे हे लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात सविस्तर दिलेले आहे. दर पन्नासाव्या वर्षी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, ते शिंग देशभर वाजावे; ज्याने अडचणीत पडून आपली भूमी विकली असेल त्याच्या कुळाला ती परत मिळावी; जो कर्जापायी दुसऱ्याच्या दारी राबत असेल त्याने मोकळे होऊन आपल्या घरी जावे. एवढेच नव्हे, तर शेताची किंमत कशी ठरवावी हेही तेथे सांगितले आहे. पुढील ज्युबिलीपर्यंत जितकी पिके निघावयाची असतील तितक्यांचेच मोल घ्यावे. कारण विकली जातात ती पिके, भूमी ही परमेश्वराची. वाचकहो, आपल्या धर्मग्रामाच्या स्मरणिकेत भाव, व्याज व मजुरी ह्यांविषयीचा निबंध पाहून कोणास नवल वाटले, तर त्याने तो अध्याय एकदा काढून वाचावा. ज्युबिली हा मुळात हिशोबाचा सण होता.

जुन्या करारातील संदेष्ट्यांनी तराजूवर जितके बोट ठेवले आहे तितके पुष्कळशा उपासनाविधींवरही ठेवलेले नाही. शब्बाथ केव्हा संपतो आणि आपण धान्याचे कोठार केव्हा उघडतो, ह्याची वाट पाहणारे, माप लहान व वजन मोठे करणारे व्यापारी आमोसाने उभे केले आहेत. ते आजही कोणत्याही बाजारपेठेत ओळखू येतील. नव्या करारात जक्कय हा जकातदार प्रभूला घरी घेतो आणि त्याच पंक्तीला ज्याला लुबाडले त्याला चौपट परत देण्याचे बोलतो. प्रभूने त्याला धंदा सोडावयास सांगितल्याचे शास्त्रात नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण व्यापार हाच मुळी पापाचा, अशी एक समजूत ख्रिस्तसभेत बराच काळ वावरत होती.

त्या समजुतीला पद्धतशीर उत्तर दिले ते संत थॉमस अक्वायनस ह्यांनी. हे १२२५ च्या सुमारास जन्मले व १२७४ मध्ये निवर्तले. त्यांच्या ‘सुम्मा थिओलॉजिका’ ह्या महाग्रंथात खरेदीविक्रीतील फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात चार प्रश्न घेतले आहेत: वस्तू तिच्या मोलापेक्षा अधिक भावाने विकावी काय, सदोष वस्तूची विक्री धर्म्य काय, विकणाऱ्याने दोष सांगितलाच पाहिजे काय, आणि स्वस्त घेऊन महाग विकणे हेच मुळी पाप आहे काय. उत्तरे देताना त्यांनी ज्या उदाहरणांचा आधार घेतला ती बाजारातील माणसाची आहेत, मठातील नव्हेत. एकडोळ्या घोड्याचा दोष डोळ्यांसमोर आहे; विकणाऱ्याने त्याची दवंडी पिटण्याचे कारण नाही, मात्र भाव त्या मानाने उतरविला पाहिजे. परंतु घोडा लंगडा असून ते लपविले, घर पडावयास आले असून ते मजबूत म्हणून दिले, तर तो व्यवहार अन्यायाचा. घेणाऱ्याला नुकसान वा धोका होण्यासारखा गुप्त दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. नफ्याविषयी त्यांचा निर्णय असा की, केवळ नफ्यासाठी नफा ह्या हव्यासाला अंत नसल्यामुळे त्यात काही हीनपणा आहे. परंतु नफा स्वतः पापही नाही आणि पुण्यही नाही. घर चालविण्यासाठी, गरिबाला हात देण्यासाठी, देशाची निकड भागविण्यासाठी, किंवा आपल्या श्रमाचे वेतन म्हणून जो मध्यम नफा घेतो त्याचा व्यापार धर्म्य होय.

ह्याच प्रकरणात एक फार मनोरंजक कोडे आहे. दुष्काळाच्या जागी एक व्यापारी धान्य घेऊन पोहोचतो. त्याला ठाऊक आहे की मागून धान्याचे पुष्कळ व्यापारी येत आहेत. लोकांना ते ठाऊक नाही. त्याने ते सांगावे काय? हे कोडे संत थॉमसचे नव्हे. त्यांच्यापूर्वी तेराशे वर्षे रोमन पंडित सिसरो ह्याने ते ऱ्होड्स बेटावरील दुष्काळाच्या रूपाने मांडले होते आणि सज्जनाने असे मौन धरू नये, असा निकाल दिला होता. आश्चर्य असे की अन्यधर्मी सिसरो येथे अधिक कडक आणि संत अधिक सौम्य. संत थॉमस म्हणतात, चालू भावाने विकणे हा अन्याय नव्हे. पण त्याने सांगितले, किंवा भाव उतरविला, तर तो अधिक सद्गुणी. माझ्या मते ह्या सौम्यपणात मोठा व्यवहारविवेक आहे. न्यायाची एक रेषा आहे आणि तिच्यापलीकडे सद्गुणाचे मोकळे रान आहे. कायदा पहिली रेषा आखू शकतो. दुसऱ्या ठिकाणी माणसाने आपल्या पायांनी जावयाचे असते.

मध्ययुगातील पुढची कथा थोडक्यात सांगतो. फ्लॉरेन्सचे आर्चबिशप संत अंतोनिनुस (१३८९–१४५९) ह्यांच्या नगरात लोकरीचा मोठा धंदा होता. तेथील मालक विणकरांना रोख मजुरीऐवजी कापड वा धान्य गळ्यात मारीत, त्याचा त्यांनी स्पष्ट शब्दांत निषेध केला. १४६२ मध्ये पेरुज्या येथे फ्रान्सिस्कन साधूंच्या खटपटीने गरिबांसाठी गहाणपेढी निघाली. तिच्यात खर्चापुरते अल्प व्याज घ्यावे की नाही ह्यावर दोन पिढ्या वाद झाला आणि १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने ते मान्य केले. १७४५ मध्ये चौदावे बेनेडिक्ट ह्यांनी पुन्हा स्पष्ट केले की, कर्ज दिले एवढ्याच कारणाने व्याजाचा हक्क उत्पन्न होत नाही. मात्र नुकसान, धोका अशी बाह्य कारणे असल्यास त्यांचा मोबदला घेता येतो. व्याजाविषयी ख्रिस्तसभेने आपले मत बदलले, असे पुष्कळ लोक म्हणतात. पैशाचा उपयोग बदलला, हे म्हणणे मला अधिक बरोबर वाटते. अडल्या माणसाला पिळून काढणे हे तेव्हाही पाप होते आणि आजही आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. १५३४ मध्ये वसईचा प्रांत पोर्तुगीजांच्या हाती आला व १७३९ पर्यंत राहिला. ह्या काळाविषयी आपल्या स्मरणिकांतून बहुधा मंदिरांच्या स्थापनेचीच वर्णने येतात. वसईच्या किल्ल्यात मिझेरिकॉर्दिया ह्या दयाकर्माच्या बंधुसंघाचे कार्य होते. रोगी, विधवा, पोरकी मुले ह्यांची सेवा त्याने केली, हे कृतज्ञतेने सांगितलेच पाहिजे. परंतु त्याच काळी गावेच्या गावे पोर्तुगीज सरदारांना व काही धर्मसंघांना फाळ्याने दिलेली होती, कसणारा बहुतेक आपल्याच रक्ताचा नवख्रिस्ती होता, आणि पोर्तुगीजांच्या मुलखात गुलामांची खरेदीविक्री उघडपणे चालत असे. थॉमसचा ग्रंथ कॉलेजांतून शिकविला जात होता आणि बाहेर हे चालले होते. इतिहास लिहावयाचा तर हेही लिहावे लागते.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कुणब्यांनी सावकारांची घरे गाठली. त्यांना पाहिजे होती ती खतपत्रे. ती हाती येताच त्यांनी जाळून टाकली. दक्षिणेतील दंगे म्हणून प्रसिद्ध असलेल्या ह्या उठावानंतर १८७९ चा शेतकऱ्यांचा कायदा झाला. पण कायद्याने पत उत्पन्न होत नाही. बी मागण्यासाठी शेतकऱ्याला पुन्हा त्याच दारी जावे लागे, आणि सवाई-दिढीने धान्य फेडावे लागे. महाराष्ट्राला खतपत्रांचे एक निराळे स्मरणही आहे. देहूच्या तुकोबांनी आपल्या वाट्याची लोकांकडील येण्याची खते इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. तुकोबा वाणी होते, तराजू त्यांच्या घरचाच. ही कथा प्रथम ऐकली तेव्हा मला लेवीय पुस्तकाचीच आठवण झाली.

सुप्याच्या दंग्यानंतर सोळा वर्षांनी, १५ मे १८९१ रोजी, तेरावे लिओ ह्यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसृत केले. युरोपात यंत्रयुगाने मजुरांचे जे हाल मांडले होते त्यांना हे उत्तर होते. खाजगी मालमत्तेचा हक्क त्यांनी राखला, समाजवाद नाकारला. परंतु मजूर आणि मालक ह्यांनी राजीखुशीने ठरविली ती मजुरी न्याय्यच, हे तत्त्वही त्यांनी तितक्याच ठामपणे नाकारले. भुकेपोटी दिलेली संमती ही खरी संमती नव्हे. काटकसरीने व नेकीने राहणाऱ्या कामकऱ्याचे पोट भरेल इतकी मजुरी हा करारापूर्वीचा हक्क आहे, लोभी व्याजखोरी ही नव्या वेषातील जुनी पीडा आहे, आणि कामकऱ्यांना आपले संघ करण्याचा जन्मसिद्ध अधिकार आहे, असे त्यांनी सांगितले. ह्याच्या आदल्याच वर्षी आपल्या मुंबईत काय घडले होते ते पाहण्याजोगे आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या चळवळीला यश येऊन १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली, आणि ती रविवारची. लोखंड्यांच्या लोकांचा तो खंडोबाचा वार. आपला तो प्रभूचा दिवस. रोमचे परिपत्रक मुंबईच्या गिरणगावात कोणी वाचण्यापूर्वीच त्यातील एक मागणी येथे पदरात पडली होती, आणि तीही आपल्या लोकांच्या हातून नव्हे.

पतीचा प्रश्न सुटण्याची वाट जर्मनीतून आली. फ्रीडरिश रायफायझेन (१८१८–१८८८) हा प्रॉटेस्टंट पंथाचा एक गावपाटील. (कार्ल मार्क्सही त्याच वर्षी, त्याच ऱ्हाईन प्रांतात जन्मला; एकाच भूमीत एकाच वर्षी दोन फार निराळी बियाणी पडली.) गरिबाजवळ तारण नसते, परंतु त्याचे शेजारी त्याला ओळखतात, आणि ही ओळख हेच तारण, ही रायफायझेनची युक्ती. एका गावची एक पेढी असावी, सभासदांनी एकमेकांना जामीन राहावे, कर्ज उधळपट्टीसाठी न देता उत्पन्नाच्या कामासाठी द्यावे. जेथे सगळे एकमेकांना ओळखतात तेथे बुडविणाऱ्याला तोंड लपविण्यास जागा राहत नाही. कॅथलिक धर्मगुरूंनी ही पद्धत पंथभेद न पाहता उचलली; इटलीत गाम्बारारे येथे डॉन लुइजी चेरुत्ती ह्यांनी १८९० मध्ये अशी पहिली कॅथलिक ग्रामपेढी काढली. हिंदुस्थानात सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ साली झाला, आणि १९०९ मध्ये छोटानागपुरात जर्मन जेझुइट फादर योहान हॉफमन ह्यांनी मुंडा व उराँव ख्रिस्ती लोकांसाठी कॅथलिक सहकारी पतपेढी स्थापिली. हॉफमन हे मुंडा भाषेच्या कोशाचे कर्ते, आणि १९०८ च्या छोटानागपूर कूळकायद्याच्या घडणीतही त्यांचा हात होता. जमीन कायद्याने वाचवावी व पत पेढीने द्यावी, हे दोन्ही मिळून एकच काम आहे हे त्यांना कळले होते. महायुद्धात जर्मन म्हणून सरकारने त्यांना देशाबाहेर घालविले. पेढी मागे राहिली.

आणि मग १९१८. त्या वर्षी महायुद्ध संपत आले होते, धान्य व कापड महागले होते, आणि उत्तरार्धात इन्फ्लुएंझाच्या साथीने घरेच्या घरे रिकामी केली. अशा वर्षी वसईत मोन्सिनिओर पी. जे. मोनीस ह्यांच्या पुढाकाराने कॅथलिक सहकारी पतपेढीचा जन्म झाला. तीच आजची बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. वसईचे आपले लोक केळी, पानवेली, भाजीपाला व फुले पिकविणारे. १८६४ मध्ये रेल्वे मुंबईला जाऊन मिळाल्यापासून ह्या मालाला मुंबईचा बाजार दारात आला होता. बाजार दारात आला म्हणजे रोख पैसा येतो. परंतु रोख पैसा येण्यापूर्वी तो घालावाही लागतो. पानवेलीचा मळा उभा करावयाचा तर मांडव, खत, विहीर, रहाट, मजूर हे सारे आधी, आणि पानाचा पैसा मागाहून. मधल्या महिन्यांत जो हात देईल त्याच्या हाती मळा जावयाचा. केळीचे लोंगर झाडावर असतानाच त्याचा भाव करून उचल देणारा दलाल आणि घरच्या लग्नासाठी दागिने ठेवून घेणारा सावकार, ह्यांची जोडी मोडावयाची तर शेतकऱ्याला आपल्याच गावात, आपल्याच माणसांनी जमविलेला पैसा मिळावयास हवा होता.

सहकारी पेढीचे शहाणपण तिच्या अगदी साध्या नियमांत असते. कर्ज मागणारा आधी भाग घेऊन सभासद होतो, म्हणजे पेढीचा मालक होतो. त्याच्यासाठी दोन शेजारी जामीन राहतात, आणि जामीन राहणारा सही करण्यापूर्वी त्याच्या मळ्याकडे एक नजर टाकतोच. मतदान भागांच्या संख्येवर नसून माणशी एक असते. दहा भागवाला आणि एक भागवाला सभेत सारखेच. नफा उरतो त्यातून राखीव निधी बाजूला काढावाच लागतो. अर्थशास्त्राचे एक अक्षर न शिकलेल्या मनुष्यालाही ह्यातील न्याय समजतो. प्रवचनपीठावरून सावकाराचा निषेध करणे सोपे. त्याच्याशी बाजारात उभे राहून टक्कर देणारी संस्था उभी करून तिचे हिशोब चोख ठेवणे फार अवघड. आपल्या काही धर्मगुरूंनी हे दुसरे काम पत्करले, ह्याचे मला मंदिरांच्या घुमटांपेक्षा अधिक कौतुक वाटते.

हे केवळ आपल्याच समाजात घडत होते असे नव्हे. त्याच १९१८ मध्ये मुंबईत सारस्वत मंडळींनी आपली पेढी काढली, जी पुढे सारस्वत बँक म्हणून सर्वदूर पसरली. गृहनिर्माणाचा सहकारी प्रयत्नही सारस्वतांनी १९१५ मध्ये गावदेवीला केला होता. सहकारी पेढ्यांची पहिली शिदोरी जातीजमातीच्या ओळखीचीच होती. पुढे त्यांपैकी पुष्कळांची दारे सर्वांना उघडी झाली, आणि तसेच व्हावयास हवे होते. परंतु ओळख हेच तारण ह्या तत्त्वाचे, ओळख विस्तारल्यावर काय होते, हा प्रश्न त्यातूनच जन्मला. १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेची देखरेख आली, ती ह्याच प्रश्नाचे एक उत्तर म्हणून.

ती देखरेखही पुरी पडत नाही, हे आपल्या पिढीने पाहिले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, आणि प्रथम खातेदाराला सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. कर्जाचा फार मोठा वाटा एकाच बांधकाम-समूहाकडे गेलेला, आणि तो लपविण्यासाठी हजारो बनावट खाती रचलेली, असे तपासात पुढे आले. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या एका बँकेत विलीन झाली. दरम्यान ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेवींच्या विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली. निवृत्तीची पुंजी त्या रांगेत अडकलेली वृद्ध माणसे ज्यांनी पाहिली त्यांना लंगड्या घोड्याचे उदाहरण समजावून सांगण्याची गरज नाही. गुप्त दोष सांगितला गेला नव्हता, इतकेच.

बाजारातील भावाची कथाही अशीच आहे. आपल्या देशात घाऊक बाजारात उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची चाल होती. माल शेतकऱ्याचा, पण त्याच्या मालाचा भाव दोन दलालांच्या बोटांत. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा पहिला नियंत्रित बाजार निघाला आणि १८९७ मध्ये त्याला वऱ्हाडच्या कायद्याचे रूप आले. पुढे १९३९ चा मुंबई प्रांताचा व १९६३ चा महाराष्ट्राचा असे बाजार समित्यांचे कायदे झाले. उघड बोली, तपासलेली वजने, ठरलेली अडत व तोलाई, हे सारे त्यांतून आले. मुंबईच्या दाटीतून हे बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला आले आणि आपले शेजारी झाले. ह्या बाजारांत पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांना अण्णासाहेब पाटील ह्यांनी संघटित केले व १९६९ चा माथाडी कायदा झाला. माथाडी मंडळ मजुरी मालकाकडून घेऊन कामगाराला देते, भविष्यनिधी राखते. रोजच्या रोज मालक बदलणाऱ्या मजुरालाही त्यामुळे आधार मिळाला. १९३१ मध्ये अकराव्या पायस ह्यांनी ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ ह्या परिपत्रकात मजुरी कामगाराच्या कुटुंबाला पुरेल इतकी असावी असे सांगितले, आणि राज्यसत्ता व व्यक्ती ह्यांच्या मधल्या संस्थांचे महत्त्व सांगितले. ते परिपत्रक माथाडी मंडळाच्या कर्त्यांनी वाचले असावे असे वाटत नाही. सत्याला अनेक दारे असतात.

आपण सीवूड्सचे रहिवासी मात्र एका निराळ्या हिशोबावर राहतो. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, बेलापूर, पनवेल, उरण ह्या टापूतील सुमारे ९५ गावांच्या जमिनी नव्या नगरासाठी घ्यावयाचे ठरले. दारावे व करावे ही त्यांतलीच. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासळी ह्यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी कुळांना जो मोबदला मिळाला तो शेताच्या हिशोबाने होता; त्यांची शेते पुढे ज्या भावाने विकली गेली तो नगराच्या हिशोबाने. ह्या दोन भावांतील अंतरासाठीच १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटले. पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसे बळी पडली. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड विकसित करून मूळ मालकाला परत देण्याची योजना आली. ज्युबिलीच्या विधीप्रमाणे सारी भूमी परत जावयाची. येथे आठवा हिस्सा गेला, आणि तोही पाच प्रेतांच्या मोलाने. लेवीय पुस्तकात एक बारीक कलम आहे: तटबंदीच्या नगरातील घर विकल्यास ते एका वर्षात सोडविले नाही तर कायमचे गेले, परंतु तट नसलेल्या खेड्यातील घरे शेताप्रमाणेच धरावीत व ज्युबिलीला परत द्यावीत. आपल्या संकुलाची भिंत आणि तिला लागून असलेले गावठाण पाहताना हे कलम माझ्या मनात येते.

वसई, उत्तन, मुंबईची गावठाणे, नगर-जालन्याकडील मिशनची गावे, येथून आपण येथे आलो ते १९९० नंतरच्या दशकात आगगाडी खाडी ओलांडून आल्यावर. आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी म्हणजे येथले घर. ह्या खरेदीत वर्षानुवर्षे कसे चालले हे सर्वांस ठाऊक आहे. जाहिरातीत ‘सुपर बिल्ट-अप’ क्षेत्र सांगावे, त्यात जिना, गच्ची, वऱ्हांडा सारे मिळवावे, आणि राहावयास गेल्यावर खाट कोठे ठेवावी हा प्रश्न पडावा. संत थॉमसच्या चार प्रश्नांपैकी तीन एकाच पत्रकात सापडत. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, जो ‘रेरा’ ह्या नावाने परिचित आहे, विक्री चटई क्षेत्रावर करण्याचे बंधन घातले. खोट्या जाहिरातीला भुलून पैसे गुंतविणाऱ्याला भरपाईचा हक्क दिला. ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विकासकाच्या माथी ठेवला. महारेराचे काम मे २०१७ मध्ये सुरू झाले, आणि योगायोग असा की आपल्या स्थानकावरील भव्य व्यापारसंकुलही त्याच वर्षी उघडले. ऑगस्ट २०२३ पासून प्रत्येक नव्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापावा लागतो, म्हणजे घेणाऱ्याला दोष शोधण्याची सोय झाली. एकडोळा घोडा निदान डोळ्यांसमोर आला.

जाहिरातीविषयी रोमने स्वतंत्र लेखही प्रसिद्ध केला आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. समाजसंपर्काच्या परमधर्मपीठीय मंडळाने २२ फेब्रुवारी १९९७ रोजी तो काढला आणि तीन कसोट्या दिल्या: सत्यता, माणसाची प्रतिष्ठा, समाजाविषयीची जबाबदारी. जाहिरात वाईटच, असे त्यात म्हटलेले नाही; चांगली वस्तू चांगली म्हणून सांगणे हे ग्राहकाचेही हित आहे. पण स्त्रीचे शरीर दाखवून सिमेंट विकणे, किंवा मुलाच्या मनात न्यूनगंड पेरून दूधभुकटी विकणे, ह्यांत शब्द एकही खोटा नसला तरी दुसरी कसोटी मोडते. त्यापूर्वी १९९१ मध्ये दुसरे जॉन पॉल ह्यांनी ‘चेन्तेसिमुस आन्नुस’ मध्ये नफ्याचे स्थान मान्य केले होते. नफा हे धंद्याच्या प्रकृतीचे लक्षण आहे, परंतु हिशोब जुळत असतानाच तेथील माणसे तुडविली जात असू शकतात, असे त्यांचे म्हणणे. आणि ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपमहाशयांनी लिओ हे नाव का घेतले ह्याचे कारण दोनच दिवसांनी कार्डिनलांना सांगताना ‘रेरुम नोव्हारुम’ चाच हवाला दिला. तेराव्या लिओंपुढे गिरणी होती, चौदाव्यांपुढे विचार करणारी यंत्रे आहेत.

आपल्या धर्मग्रामात मालक आणि मजूर ह्यांची सर्वांत निकटची गाठ कारखान्यात पडत नाही, ती स्वयंपाकघरात पडते. गावठाणांतून आणि तुर्भ्याकडील वस्त्यांतून रोज सकाळी शेकडो स्त्रिया ह्या इमारतींत शिरतात. त्यांच्या मजुरीला करारपत्र नाही, आणि गणपतीत वा आजारात खाडा झाला तर तो कापावयाचा की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. बेल्जियमच्या सिस्टर जीन देवोस ह्यांनी १९८५ मध्ये राष्ट्रीय घरेलू कामगार चळवळ सुरू केली व मुंबई हे तिचे मोठे केंद्र झाले. ‘मोलकरीण’ ह्या शब्दाऐवजी ‘घरकामगार’ हा शब्द आपल्या तोंडी आला, तो अशाच चळवळींमुळे. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा. आणि १६ जून २०११ रोजी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती, असे त्याचे एक कलम आहे. लोखंड्यांनी गिरणीकामगारासाठी मिळविला तो रविवार १८९० चा. आमच्या इमारतीत भांडी घासावयास येणारी बाई रविवारी एक तास उशिरा येते, कारण त्या दिवशी आमच्या घरी पाहुणे असतात आणि आम्ही मिस्साहून परत आलेलो असतो.